बदली फोटोग्राफर

घाडीगावकर आमच्या स्टुडिओत नोकरी मागायला आले तेव्हा मी त्यांना नको म्हणालो, आणि ते त्यांनी रस्त्याच्या पलीकडून ऐकलं. ऐकलं म्हणजे पाहिलं. ते समोरच्या पानवाल्यापाशी उभे होते, मी स्टुडिओच्या काचेच्या आत होतो, आणि मधल्या रस्त्यावर एक हातगाडीवाला आणि दोन टॅक्सीवाले एकमेकांच्या कुळाचा उद्धार करत होते. मी जेमतेम ओठ हलवून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हटलं, "हाच तो, वरच्या मजल्यावरच्या कदमांनी पाठवलेला. अहो, आपल्याला असिस्टंट पाहिजे आणि हा म्हातारा पाठवलाय. स्टुलावर चढला तर उतरवायला दोन माणसं लागतील."

पलीकडचा माणूस तरातरा रस्ता ओलांडून आला, दार ढकललं आणि भिंतीवरच्या तसबिरी हलतील अशा आवाजात म्हणाला, "म्हातारो नाय! बावन्न वर्सां! आणि स्टुलार माझो मी चढतंय, माझो मी उतारतंय!"

एवढ्यावर थांबले असते तर ते घाडीगावकर कसले! त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्यांदा चढल्यावर त्यांनी वरूनच अण्णांना नमस्कार केला. पासपोर्ट फोटोसाठी बसलेले एक गृहस्थ घाबरून मला विचारू लागले, की हल्ली फोटो काढण्याआधी स्टुलावर चढून दाखवावं लागतं का.

अण्णा म्हणाले, "उद्यापासून या."

घाडीगावकर गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "ज्याला नोकरी इतकी हवी असते त्याला नाही म्हणू नये. बाधतं." आमच्या स्टुडिओत कामाची वाटणी अशी होती, की फोटो मी काढायचे आणि शास्त्रार्थ अण्णांनी सांगायचा.

स्टुडिओ लालबागला, एका चाळीच्या तळमजल्यावर. गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. तो संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. पूर्वी बोनसच्या दिवसांत आमच्याकडे सहकुटुंब फोटोंसाठी रांग लागायची. मागे ताजमहालाचा पडदा, पुढे गिरणीतला माणूस, त्याची बायको आणि पावडर फासलेली चार मुलं. संपानंतर ताजमहालाला कोणी विचारीना. आता माणसं एकेकटी यायची, नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो काढायला. आमच्याकडे त्यासाठी एक कोट आणि इलॅस्टिकवाला एक टाय होता. निम्म्या गिरणगावाचे त्या काळातले फोटो पाहिलेत तर चेहरे वेगळे दिसतील, टाय एकच.

घाडीगावकरांनी सव्वीस वर्षं साचेखात्यात काढली होती. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका खात्यात असे शेकडो साचे एकदम चालू असतात, तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घालून बोंब मारली तरी ऐकू जात नाही. त्यामुळे तिथली माणसं कानांचा नाद सोडतात आणि डोळ्यांनी ऐकायला शिकतात. ओठ वाचतात, हातांनी खुणा करतात. चहा, संडास, जॉबर आला, जॉबर गेला, बायको माहेरी गेली, मुलगा नापास झाला, सगळं हातांनी. घाडीगावकरांचे कान त्या आवाजाने अर्धे गेले होते, पण डोळे असे तयार झाले होते की पन्नास पावलांवरचा माणूस मनाशी पुटपुटला तरी तो घाडीगावकरांना ऐकू जायचा. फक्त अण्णांपुढे त्यांचं काही चालायचं नाही, कारण अण्णांची मिशी खालच्या ओठापर्यंत उतरलेली होती.

"म्यानेजरसाहेब," ते चौथ्याच दिवशी अण्णांना म्हणाले, "मिशी जरा कापा. माका तुमचां अर्दांच ऐकाक येता."

अण्णांनी चाळीस वर्षं जपलेली मिशी कुरवाळत त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं नोकरी तिथेच संपली.

अण्णांना ते म्यानेजर म्हणत, मला जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम म्हणत आणि स्टुडिओला खातं म्हणत. डार्करूम म्हणजे काळं खातं. ते सात वाजता कामावर हजर होत, कारण पहिली पाळी सातला सुरू होते. स्टुडिओ दहाला उघडायचा. हे तीन तास ते बंद शटरसमोर डबा मांडीवर घेऊन बसत. मी एकदा म्हटलं, "काका, दहाला या ना." ते म्हणाले, "उशिरा येणाऱ्याक पर्मनंट करीत नाय, जॉबरसाहेब."

पर्मनंट! हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत. गिरणीत नवा माणूस आधी 'बदली' म्हणून लागायचा. कोणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी. रोज दारात उभं राहायचं, हाक आली तर आत, नाही तर घरी. घाडीगावकरांनी तशी अकरा वर्षं बदलीत काढली होती आणि मग पर्मनंट झाले होते. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी अण्णांना विचारलं, "मी बदली की पर्मनंट?" अण्णांना या भानगडी ठाऊक होत्या, म्हणून ते म्हणाले, "सध्या बदली." घाडीगावकरांनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर रास्त वाटलं.

आता असिस्टंट फोटोग्राफर म्हणून त्यांचं काम काय, तर दिवे हलवायचे, पडदा बदलायचा, गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायची आणि लग्नात माझ्या बाजूला उभं राहून लांब वायरीचा फ्लॅश धरायचा. हे ते उत्तम करत. वैताग असायचा तो त्यांच्या ऐकण्याचा. एक आई मुलीला घेऊन आली, दाखवण्याचा फोटो काढायला. मुलगी स्टुलावर बसली, आणि दाराशी उभ्या असलेल्या आईने तिला नुसत्या ओठांनी खूण केली. घाडीगावकरांना वाटलं, बाईंचा आवाज पोरीपर्यंत पोचत नाहीये, आपण मदत करावी. ते गरजले, "आवस सांगता, पोट आत घे!" बाहेर पानवाल्याच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा पोटं आत घेतली. फोटोत त्या मुलीचा चेहरा असा आला आहे, की तो पाहून होकार देणारा माणूस खरोखर थोर मनाचा असला पाहिजे. तसा तो मिळाला, ही गोष्ट वेगळी.

खरा स्फोट झाला तो हिंदमाताजवळच्या एका हॉलमधल्या लग्नात. मुहूर्ताला पाच मिनिटं होती. नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट, मी स्टेजवर एका गुडघ्यावर बसलेला आणि माझ्या डोक्यावर फ्लॅश धरून घाडीगावकर. तिसऱ्या रांगेत नवऱ्याची आत्या बसली होती. ती शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "मुलगी जराशी तिरळीच वाटते, नाही?" हे मला नंतर कळलं. घाडीगावकरांना तेव्हाच कळलं. आणि नेमके भटजी श्वास घ्यायला थांबले, सगळा हॉल शांत झाला, त्या क्षणी माझ्या डोक्यावरून आवाज आला.

"ओ आत्याबाई! चेडू तिरळां नाय हा! मी आत्ताच लेन्सातून बघलंय! तुमचो चष्मो तपासून घेवा!"

पुढचं काय सांगू! मुलीकडचे आत्याकडे वळले. आत्या स्वतः मागे वळून बघायला लागली, जणू असं बोलणारी आत्या मागच्या रांगेत असावी. आणि नवऱ्याने सरळ अंतरपाट खाली ओढून नवरीच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. एकदा उजव्या, एकदा डाव्या. तो फोटो मी काढला. चांगला आला आहे. पण दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी भांडायला आमच्याकडे आली, आणि एकमेकांशी जुळलं नव्हतं ते आम्हाला शिव्या देताना छान जुळलं.

अण्णांनी घाडीगावकरांना समोर उभं केलं आणि त्यांना पूर्ण ऐकू यावं म्हणून दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली. "ही एक तक्रार झाली. आता लग्नसराई संपेपर्यंत दुसरी आली नाही, तर तुम्ही पर्मनंट. आली, तर नमस्कार." घाडीगावकरांचा चेहरा पडला. ते काळ्या खात्यात गेले आणि तिथले ट्रे उगाच तीनदा धुतले.

त्या आठवड्यात दोन दिवस ते आले नाहीत, ताप होता, म्हणून मी त्यांच्या घरी घोडपदेवला गेलो. चाळीतली खोली, दारात तुळशीचा डबा, आत काकू पापड लाटत बसल्या होत्या. घाडीगावकर पांघरूण घेऊन झोपले होते. काकूंनी चहा टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमी तेंका काढू नकात हां. संप झाल्यापास्ना पाच वर्सां ह्यो माणूस रोज सकाळी डबो घेवन भायर पडायचो. कामार नाय, काम खंय होतां? गिरणीच्या गेटासमोर जावन बसायचो, डबो खायचो आणि परत यायचो. माका वर्सभर ठाव नाय." मग चहा गाळत म्हणाल्या, "वायट नाय माणूस. पण घरात बोलनत नाय."

मला हसू आलं. ज्या माणसाच्या आवाजाने आमच्या भिंतीवरच्या तसबिरी हलतात तो घरात बोलत नाही? बरे होऊन कामावर आल्यावर मी त्यांना हे विचारलंच. त्यांनी पडदा झटकला. मग म्हणाले, "घर लय शांत आसता, जॉबरसाहेब. सव्वीस वर्सां मी बोललंय, पण माझो आवाज मी कधी ऐकलंय नाय. आता घरात तोंड उघडलंय की माझोच आवाज माका ऐकाक येता. माका लाज वाटता."

स्टुडिओत ओरडता ते, मी म्हटलं. "ह्यां खातां," ते म्हणाले. "ह्यां घर नाय."

त्यानंतर लग्नसराईभर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. लग्नाच्या हॉलमध्ये ते हूं की चूं करीनात. पण ऐकलेलं पोटात ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं, म्हणून त्यांनी मला खुणा शिकवल्या. कोपर खाजवलं म्हणजे मुलाकडचे रुसले. कानाची पाळी धरली म्हणजे कोणीतरी दागिने खोटे आहेत म्हणतंय. पोटावर गोल हात फिरवला म्हणजे पंगत बसतेय. हे शेवटचं तर मला फारच उपयोगी पडलं. इतकी वर्षं आम्ही फोटोग्राफर लोक सगळ्यांत शेवटी थंड बटाट्याची भाजी खात होतो.

फोटोही सुधारले. एका लग्नात नवरीचा धाकटा भाऊ लांब कोपऱ्यात मित्रांना सांगत होता, की कानपिळीला मी याचा कान असा पिळणार की जन्मभर आठवण राहील. घाडीगावकरांनी कान पिळल्याची खूण केली आणि दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटांत. मी दबा धरून बसलो. नवरदेव किंचाळला तो नेमका क्षण माझ्या फिल्मवर आला. त्याची पडजीभसुद्धा दिसते. अण्णांनी तो फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला नाव ठेवलं नाही.

सराईची शेवटची चार लग्नं उरली होती. पर्मनंट होणं आता हाताच्या अंतरावर आलं होतं. घाडीगावकरांनी मला विश्वासात घेऊन विचारलं सुद्धा, की पर्मनंट झाल्यावर बिल्ला मिळतो का. गिरणीत नंबरचा बिल्ला असायचा. मी म्हटलं, बघू.

आणि तेव्हा परब आले.

आत्माराम परब. साधारण घाडीगावकरांच्याच वयाचा, बारीक चणीचा, हातात पत्रिका घेऊन दारात उभा राहिलेला माणूस. मुलीचं लग्न होतं, घोडपदेवलाच, चाळीच्या मोकळ्या जागेत मांडव घालून. त्यांना पाहताच घाडीगावकर काळ्या खात्यात गेले आणि आतून कडी लावली. आत धुवायला एकही रोल नव्हता. परबांनी त्या बंद दाराकडे पाहिलं, मला तारीख-वेळ सांगितली आणि जाता जाता विचारलं, "तो येतलो मा?"

ते गेल्यावर मी कडी उघडायला लावली. "कोण हो हे?"

"समोरचो," घाडीगावकर म्हणाले.

समोरचा म्हणजे साचेखात्यात समोरच्या साच्यावरचा. सव्वीसातली एकोणीस वर्षं हे दोघे तोंडासमोर तोंड करून उभे होते. दिवसाचे आठ तास. दोघांनी एकमेकांच्या लग्नापासून मुलांच्या दातांपर्यंत सगळं बोलून काढलं होतं, आणि त्यातला एक शब्दही कधी हवेत उमटला नव्हता. राहायलाही एकाच चाळीत, गॅलरीच्या दोन टोकांना. मग संप आला. वर्ष उलटलं, घरात विकायला भांडी उरली नाहीत. एका सकाळी मालकांनी गाडीतून काही माणसं मागच्या गेटने कामावर आत नेली. संपवाले रस्त्यावर उभे होते, त्यांत घाडीगावकर. आणि गाडीत खिडकीशी परब.

"तेणां माका बघल्यान," घाडीगावकर म्हणाले. "खिडकीतून काय तरी बोललो. ओठ हलत होते तेचे. आणि मी डोळे मिटलंय."

तेव्हापासून मिटलेले. एकाच गॅलरीत, एकाच नळावर, सहा वर्षं दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. परबांची बायको मध्ये वारली, तेव्हाही घाडीगावकर खांदा द्यायला गेले, पण मान खाली घालून. मला हे ऐकून घाडीगावकरांचाच राग आला. मी म्हटलं, "काका, तुम्ही या लग्नाला येऊ नका. मी दुसरं कोणी बघतो."

"असां कसां?" ते दचकून म्हणाले. "खाडो पडलो तर पर्मनंट कसा करतले?"

आले. सकाळी सातला येऊन मांडवाबाहेर उभे होते. आणि मग दिवसभर त्यांनी जो छळ मांडला तो मी विसरणार नाही. परब फ्रेममध्ये आले की फ्लॅश भलतीकडे. मुद्दाम म्हणावं तर मुद्दाम नव्हतं. ज्या दिशेला परब, त्या दिशेला घाडीगावकर बघतच नव्हते, आणि जिथे बघत नाही तिथे प्रकाश कसा टाकणार? गणपतीपूजनात भटजी उजळले, परब अंधारात. बायको नसल्यामुळे कन्यादानाला परबांचा भाऊ आणि भावजय बसली होती, परब मागे खांबाला टेकून उभे, तेही अंधारात. घरच्यांचा मोठा फोटो काढला त्यात बावीस माणसं लख्ख आणि मध्यभागी मुलीच्या बापाच्या जागी नुसती एक सावली. मी दातओठ खात म्हटलं, "काका, मुलीचा बाप आहे तो! ही तक्रार येणार! बिल्ला विसरा!" त्यांना ते ऐकू गेलं होतं. पण मान काही वळेना.

संध्याकाळी पाठवणी निघाली. नवरदेवाची गाडी रस्त्यावर उभी, बँडवाल्यांना कोणीतरी चेव आणलेला, ढोल, ताशा, पिपाण्या सगळं एकदम. शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नव्हता. मुलगी आत्याच्या, काकूच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकत होतो. परब मांडवाच्या खांबाशी एकटेच उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते.

मी घाडीगावकरांना म्हणालो, "फ्लॅश! मुलीवर!" प्रकाश आला नाही. वळून पाहिलं तर ते परबांकडे बघत होते. डोळे सताड उघडे. इतक्या गोंगाटात त्यांना बहुधा साचेखात्यातली सवयच नडली असावी. मग त्यांचा मोकळा हात वर आला आणि त्याने हवेत काहीतरी खूण केली. परबांचा हात वर आला. इकडून खूण, तिकडून खूण. फ्लॅश धरलेला हातही बोलायला लागला, तसा माझा प्रकाश कधी मांडवाच्या छतावर, कधी बँडवाल्याच्या टकलावर.

"आवशीचो घोव!" घाडीगावकर ओरडले. शेजारी नवऱ्याचे मामा उभे होते, चांगले गरगरीत गृहस्थ. त्यांच्या हातात फ्लॅश कोंबून ते म्हणाले, "धरा!" आणि माणसांना दोन्ही हातांनी बाजूला सारत खांबाकडे गेले.

मामांनी फ्लॅश दोन्ही हातांत धरला, नीट न्याहाळला, तोंड आपल्याकडे आहे याची खात्री करून घेतली आणि माझ्या पुढ्यात येऊन हसले. मी बटण दाबत राहिलो. दुसरं काय करणार? मुलगी गाडीत बसत होती, आणि तो क्षण पुन्हा यायचा नव्हता. पाठवणीच्या अकराही फोटोंत नवऱ्याचे मामा पौर्णिमेच्या चंद्रासारखे उगवले आहेत. मुलीचं एका फोटोत कोपर दिसतं.

गाडी गेली. बँड थांबला. खांबाशी दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून उभे होते आणि आता कोणीच काही बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाले परब? घाडीगावकर पडद्याच्या घड्या घालत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं. "बोललो, चेडू जाता. आता घरात मी बोलतलंय कोणावांगडा? हयसर ये रे, बाजूक उभो रव."

सराई संपल्यावर आल्बम न्यायला परब आले त्या दिवशी अण्णा गल्ल्यावर ताठ बसले होते. घाडीगावकर डबा आवरून, चप्पल घालून, जायच्या तयारीने कोपऱ्यात उभे होते. त्यांनी स्वतःचा निकाल स्वतःच लावला होता. परबांनी एकेक पान उलटलं. आपल्या सावल्या पाहिल्या. अकरा मामा पाहिले. आल्बम मिटून म्हणाले, "बरे इलेत."

अण्णा सचोटीचा माणूस. त्यांना राहवेना. "अहो परब, बरे कसले? पाठवणीत मुलगी दिसत नाही, नुसते मामा दिसतात."

"मामा बरो माणूस आसा."

"आणि तुम्ही स्वतः? एकाही फोटोत तोंड नाही तुमचं!"

"मी थंयच होतंय," परब म्हणाले. "माका ठाव आसा. तेका पण ठाव आसा."

"म्हणजे तक्रार नाही?"

"तक्रार कसली?"

अण्णांनी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि म्हणाले, "घाडीगावकर, चप्पल काढा. पर्मनंट."

घाडीगावकरांनी चप्पल काढली. मग त्यांना पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुन्हा घातली. परब हसले. घाडीगावकरही हसले, पण दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. परब आल्बम काखेत मारून निघून गेले. मला वाटलं, झालं, मांडवातलं मांडवात राहिलं. स्टुडिओत काय, घरात काय, या माणसांना शांततेत बोलता येत नाही ते नाहीच.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी घोडपदेवला गेलो. बिल्ला करून घेतला होता, पितळेचा, त्यावर एक आकडा कोरलेला. तो द्यायचा होता. चाळीचा जिना चढत असतानाच रेडिओ ऐकू आला. एवढ्या मोठ्याने लावलेला रेडिओ मी जन्मात ऐकला नव्हता. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम चालू होता. वांग्यावरच्या किडीबद्दल कोणी तज्ज्ञ अख्ख्या चाळीला बजावत होते. खोलीत पाहिलं तर रेडिओ खिडकीत ठेवलेला, अलीकडे खाटेवर घाडीगावकर, समोर पाटावर परब. दोघांचे ओठ हलत होते, हात चालले होते, मध्येच घाडीगावकर मांडीवर थाप मारून हसत होते. परब डोळे पुसत काहीतरी सांगत होते. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

काकू चुलीपाशी कानांत कापूस घालून बसल्या होत्या. मला वाटलं, यांना बिचाऱ्यांना किती त्रास. मी पुढे होऊन रेडिओचा आवाज कमी करायला हात घातला. काकूंनी पिठाच्या हातानेच माझं मनगट धरलं.

"असांदे," त्या म्हणाल्या. "वाजांदे तो."